‘आई, हे तर आपल्याच घरातलं आहे’: मुलीच्या हातातल्या लातीना कादंबऱ्यांविषयी

प्रश्न थोडक्यात असा आहे. न्यू जर्सीतल्या एका आईची चौदा वर्षांची मुलगी एरिका सांचेझची ‘आय अ‍ॅम नॉट युअर परफेक्ट मेक्सिकन डॉटर’ ही कादंबरी वाचते आहे. आईनं मधलीच काही पानं चाळली. आत्महत्येचा प्रयत्न, शरीरसंबंध, आईशी चाललेली कडाक्याची भांडणं हे सगळं पाहून तिच्या पोटात गोळा आला. मुलीला विचारलं, तर ती म्हणाली, ‘आई, हे तर आपल्याच घरातलं आहे.’ आता आई विचारते आहे: पुस्तक काढून घेऊ का? मेक्सिकन मुलीच्या गोष्टीत हिला आपलं घर कुठं दिसलं? या प्रकारचं आणखी काय देता येईल? आणि मुलगी स्वतः एक गोष्ट लिहिते आहे, तिच्यात ‘आज्जी’ ठेवायचं की ‘ग्रँडमा’ करायचं?

ताई, पुस्तक काढून घेऊ नका. काढून घेतलंत तर ती ते शाळेत, मैत्रिणीच्या घरी, नाहीतर फोनवर वाचून पूर्ण करेल, आणि पुस्तकाबद्दल तुमच्याशी बोलणं मात्र बंद होईल. त्याऐवजी तुम्ही ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचा. मधली पानं उघडून कुठलीच कादंबरी कळत नाही, ही तर मुळीच नाही.

मी टेक्ससमधल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात बावीस वर्षं किशोर विभाग सांभाळते आहे. आमच्या शाखेत येणाऱ्या बहुतेक मुली मेक्सिको, एल साल्व्हादोर, होंडुरास इथून आलेल्या घरांतल्या. माझं स्पॅनिश या मुलींनी आणि त्यांच्या आयांनी मला काउंटरवर शिकवलं. म्हणून सांगते ते थोडं पुस्तकांतलं आहे आणि बरंचसं काउंटरवरचं.

आधी तुमच्या भीतीबद्दल. कादंबरी २०१७ सालची. त्या वर्षी ती अमेरिकेतल्या नॅशनल बुक अवॉर्डच्या अंतिम यादीत होती. शिकागोतली ज्युलिया, वय पंधरा. वडील गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात राबतात, आई लोकांची घरं साफ करते. थोरली बहीण ओल्गा म्हणजे सगळ्यांच्या मते आदर्श मुलगी: घरातच राहणारी, आईला हातभार लावणारी, उलट न बोलणारी. ती ट्रकखाली सापडून जाते आणि घरात उरते ती नको तेवढी बोलणारी, लेखक व्हायची स्वप्नं बघणारी, दूरच्या शहरात कॉलेजला जायचं म्हणणारी धाकटी. आईच्या दुःखाला तोंड फुटतं ते ज्युलियाला बोल लावण्यातून. ज्युलियाचं दुःख आधी रागातून बाहेर पडतं आणि मग आत वळतं. तुम्ही जी पानं पाहिलीत ती त्या आत वळण्याची आहेत.

या पानांबद्दल माझं मत स्पष्ट आहे. लेखिकेनं तो प्रसंग सुंदर करून दाखवलेला नाही आणि तिथं गोष्ट संपवलेलीही नाही. त्यानंतर इस्पितळ आहे, थेरपिस्ट आहे, औषधं आहेत, हळूहळू पुन्हा जेवायला-बोलायला लागणं आहे. नैराश्य हा आजार आहे आणि त्यावर उपचार असतो, हे ती एका गरीब मेक्सिकन घरात घडताना दाखवते. ‘आपल्यात असलं काही नसतं’ असं म्हणणाऱ्या घरांसाठी हे फार मोलाचं आहे, आणि त्यात आपलीही घरं आली. सांचेझनं स्वतःच्या नैराश्याविषयी पुढं उघडपणे लिहिलं आहे.

तरीही एक गोष्ट कराच. मुलीला सरळ विचारा, ‘तुला कधी असं वाटलंय का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. उलट विचारलं की सांगायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं, किंवा नुसतं गप्प राहणं आलं, तर शाळेच्या समुपदेशकाशी आणि तिच्या डॉक्टरांशी त्याच आठवड्यात बोला. अमेरिकेत अशा मानसिक संकटातल्या मदतीसाठी २०२२ च्या जुलैपासून ९८८ हा तीन आकडी नंबर आहे. त्यावर फोन करता येतो, मेसेजही करता येतो. घाई असेल तर तिथं. आणि उत्तर ‘नाही’ असेल, तर पुस्तकाविषयी पुढं बोलत राहा.

आता ‘आपल्याच घरातलं’ या वाक्याकडे येते. मला ते वाक्य तुमच्या भीतीपेक्षा जास्त महत्त्वाचं वाटतं.

स्पॅनिशमध्ये ‘एल के दिरान’ म्हणून एक प्रयोग आहे. शब्दशः अर्थ ‘ते काय म्हणतील’. म्हणजे आपलं ‘लोक काय म्हणतील’, जसंच्या तसं. मेक्सिकन आयांच्या तोंडी आणखी एक म्हण असते, तिचा अर्थ ‘गप्प बसलीस की किती छान दिसतेस’. मी पहिल्यांदा ही म्हण ऐकली तेव्हा मला माझ्या मिरजेच्या आत्याचा आवाज ऐकू आला होता. मुलीला ‘मिहा’ म्हणतात, ‘माझी लेक’ या दोन शब्दांचा घासून गुळगुळीत झालेला एकच शब्द. तो लाडानंही येतो आणि रागवायच्या आधीही येतो, आपल्या ‘अगं बाळा’सारखा. पाहुणे आले की मुलीनं उठून स्वयंपाकघरात जायचं आणि भावानं बसून राहायचं. खोलीचं दार लावून घेतलं की ‘दार कशाला लावलंस?’. एकटीनं राहायचंय म्हटलं की ‘आमचं काय चुकलं?’. तुमच्या लेकीला हेच ओळखीचं वाटलं असणार.

त्यात एक गोष्ट अशी आहे जी इंग्रजी वाचकाच्या कानाला लागतच नाही, आपल्याला मात्र लागते. स्पॅनिशमध्ये ‘तू’ला ‘तू’च म्हणतात. उच्चारही तोच. आणि मोठ्यांसाठी ‘उस्तेद’ हे वेगळं सर्वनाम आहे, आपल्या ‘तुम्ही’सारखं. काही घरांत मुलं आईवडिलांनाही ‘उस्तेद’ म्हणतात. या कादंबऱ्या इंग्रजीत लिहिल्या जातात आणि इंग्रजीत दोघांना एकच ‘यू’. म्हणजे मुलगी आईला उलट बोलते तेव्हा ती सर्वनामाची पायरी सोडून बोलली का, हे पानावर दिसतच नाही. चांगल्या लेखिका ती पायरी दुसरीकडून दाखवतात: मुलगी नजर कुठं ठेवते, वाक्य कुठं अर्धवट सोडते, कुठल्या क्षणी इंग्रजीतून स्पॅनिशमध्ये येते. ज्या घरात आईला ‘तू’ आणि बाबांना ‘तुम्ही’ म्हणतात, त्या घरातल्या मुलीला हे न सांगता कळतं. वाचताना तिला एकदा विचारून बघा, ‘इथं ज्युलिया आईला अगं म्हणतेय की अहो?’ फार छान गप्पा होतील.

पण ताई, इथंच मी थांबून एक गोष्ट सांगणार आहे, आणि ती मुलीलाही सांगा. हे आपलं घर आहे आणि नाहीही.

ज्युलियाचे आईवडील कागदपत्रांशिवाय वाळवंटातून सीमा पार करून आलेत. तुम्ही-आम्ही विमानानं आलो. हातात पदवी होती, पासपोर्टवर व्हिसा होता, विमानतळावर कुणीतरी न्यायला आलं होतं. घराबाहेरचं जग ज्युलियाच्या आईला मोलकरीण म्हणून पाहतं. तुम्हाला ते बहुधा संगणकवाली, डॉक्टरीण म्हणून पाहतं. आपल्याकडेही कागदपत्रांची टांगती तलवार आहे, नाही असं नाही. ग्रीन कार्डच्या रांगेत आईबाप अडकलेले असताना मुलगी एकवीस वर्षांची झाली की एच-४ वरचा, म्हणजे आईबापाच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या कुटुंबाच्या व्हिसावरचा, तिचा आधार सुटतो. ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांना ती रात्रीची झोप उडणं माहीत आहे. पण पोलिसाच्या गाडीचा दिवा मागे लागला की बाप आज घरी येईल का, ही भीती वेगळी. मुलीनं दोन्ही भीतींची नावं वेगळी ठेवायला शिकावं. ‘सेम टू सेम’ म्हटलं की दुसऱ्याचं दुःख आपल्या मापाचं होऊन जातं.

शिवाय ‘लातीना’, म्हणजे लॅटिन अमेरिकन मुळांची मुलगी किंवा बाई, हे काही एक घर नाही. टेक्सस, कॅलिफोर्निया, न्यू मेक्सिकोतली कितीतरी मेक्सिकन घरं कधी कुठून आलीच नाहीत. १८४५ मध्ये टेक्सस आणि १८४८ च्या तहात मेक्सिकोचा बाकीचा हा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि ती बसल्या जागी अमेरिकेत आली. ‘आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनंच आम्हाला ओलांडलं’ असं ते म्हणतात. पोर्तो रिकोचे लोक १९१७ पासून अमेरिकन नागरिक आहेत, त्यांना कुठला व्हिसा? तरी न्यूयॉर्कमध्ये ते परकेच ठरले. क्युबाची घरं १९५९ च्या क्रांतीनंतरची, डोमिनिकन घरं बव्हंशी साठच्या दशकानंतरची, एल साल्व्हादोरची ऐंशीच्या दशकातल्या यादवीतून पळालेली. २०२० च्या जनगणनेत ही सगळी मिळून ६ कोटी २१ लाख माणसं मोजली गेली. त्यांच्या मुलींच्या गोष्टी एका टोपलीत घालणं म्हणजे मराठी, तमिळ आणि पंजाबी घर एकच आहे म्हणण्यासारखं.

एवढं सांगून झाल्यावर माझं खरं म्हणणं. या कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठावर मुलगी असते, निवेदन मुलीचं असतं, बंडही तिचंच असतं. पण बावीस वर्षं त्या वाचून आणि वाटून मला असं वाटतं, की चांगल्या लातीना किशोर कादंबरीच्या मध्यभागी आई असते. तिनं कधीच न सांगितलेली एक गोष्ट असते आणि मुलगी सगळी कादंबरीभर, स्वतःला न कळत, तिच्याभोवती घिरट्या घालत असते. ज्युलिया मेक्सिकोला जाते तेव्हा तिला कळतं की सीमा ओलांडताना आईच्या वाट्याला काय आलं. ते मी इथं सांगत नाही, तुम्ही वाचा. पण ते कळल्यावर मागची सगळी भांडणं पुन्हा वाचाविशी वाटतात. आई दार उघडं ठेवायला का सांगत होती, रात्री बाहेर का जाऊ देत नव्हती, ते तेव्हा उलगडतं. आईचं वागणं त्यानं योग्य ठरत नाही. ज्युलियाही तसं म्हणत नाही. पण आई माणूस होऊन समोर येते.

एलिझाबेथ असेव्हेदोची ‘द पोएट एक्स’ (२०१८) घ्या. हार्लेममधलं डोमिनिकन घर, पंधरा वर्षांची सिओमारा, अख्खी कादंबरी कवितांत. त्या एका पुस्तकाला नॅशनल बुक अवॉर्ड मिळालं, पुढच्या वर्षी किशोर साहित्याचा अमेरिकेतला प्रिंट्झ पुरस्कार आणि ब्रिटनचं कार्नेगी पदकही मिळालं. आई कमालीची धार्मिक. तिला तरुणपणी जोगीण, म्हणजे चर्चची नन व्हायचं होतं, आणि लग्न करावं लागलं. मुलीचं शरीर भरायला लागलंय, रस्त्यावरचे पुरुष बोलतात, आणि आईला त्यात मुलीचाच दोष दिसतो. सिओमारा वहीत कविता लिहिते. एक दिवस ती वही आईच्या हाती लागते आणि आई ती जाळते. ती पानं वाचताना माझ्या आजवरच्या एकाही मुलीनं पुस्तक खाली ठेवलेलं नाही.

या पुस्तकात एक बारीकशी गंमत आहे, जी मी प्रत्येक मुलीला दाखवते. शाळेतल्या बाई निबंध देतात. सिओमारा आधी एक कच्चा खर्डा लिहिते, त्यात खरं असतं. मग प्रत्यक्षात शाळेत देते तो निबंध छापलेला असतो, नीटनेटका, निरुपद्रवी. दोन्ही आपल्यासमोर. दोन घरांत वाढणाऱ्या मुलीचं आयुष्य याहून कमी शब्दांत मी कुठं वाचलेलं नाही: एक मजकूर मनातला, एक सादर करायचा.

चार-पाच वर्षांपूर्वीची गोष्ट. एक आई हेच पुस्तक घेऊन काउंटरवर आली, सोबत तिची पंधराएक वर्षांची मुलगी. आईला इंग्रजी येत नव्हतं. तिनं एक पान उघडून विचारलं, ‘यात काय लिहिलंय?’ मी तोंड उघडायच्या आत मुलीनं भाषांतर करायला सुरुवात केली. इस्पितळात, बँकेत, शाळेच्या मीटिंगला या मुली लहानपणापासून आईसाठी हेच काम करत असतात. तिनं दोन ओळी सांगितल्या, मधल्या तीन गाळल्या, मग शेवटची सांगितली. माझं स्पॅनिश मोडकं आहे, तरी गाळलेलं मला कळलं. आईकडे पाहिलं, तर तिलाही कळलं होतं. ओळी किती आहेत ते दिसायला भाषा लागत नाही. ती काही बोलली नाही. पुस्तक मिटलं, आणि मला सावकाश, मला समजेल असं विचारलं, ‘शेवटी त्या मुलीची आई तिच्याशी बोलते का?’ मी म्हटलं, बोलते. तिनं पुस्तक परत मुलीच्या पिशवीत घातलं.

तिनं मला पुस्तक चांगलं की वाईट हे विचारलं नाही. तेव्हापासून कुठलीही आई माझ्याकडे आली की मी पुस्तकातल्या आईपासूनच सुरुवात करते.

आणखी काय द्यायचं? सगळ्यात आधी सांद्रा सिस्नेरोसची ‘द हाउस ऑन मँगो स्ट्रीट’. १९८४ साली ह्यूस्टनच्या आर्ते पूब्लिको या छोट्या प्रकाशनानं काढली. विद्यापीठाच्या आश्रयानं चालणारी, लातीनो लेखकांसाठीच १९७९ साली सुरू झालेली ही संस्था. त्या पातळ पुस्तकातून पुढं केवढं काय उगवलं! शिकागोच्या एका गल्लीतल्या एस्पेरान्साचे छोटे छोटे तुकडे आहेत. काही एका पानाचे, काही दोन. मराठी वाचकाला ते ललितासारखे वाटतील. एका तुकड्यात ती आपल्या नावाबद्दल सांगते. नाव पणजीचं. पणजी रानघोड्यासारखी स्वच्छंद बाई, तिला पणजोबानं बळजबरीनं उचलून नेलं, आणि मग ती आयुष्यभर खिडकीत बसून बाहेर बघत राहिली. एस्पेरान्सा म्हणते की नाव मी घेतलंय, पण खिडकीतली ती जागा मला नको. चौदा वर्षांच्या मुलीला एवढं एक पान द्या आणि विचारा, तुझं नाव कुणाचं? मग तिच्या नावाची गोष्ट तुम्ही सांगा. बारशाला कोण काय म्हणालं, कुठलं नाव मागे पडलं, सगळं. या पुस्तकाचं स्पॅनिश भाषांतर १९९४ साली मेक्सिकोच्या ख्यातनाम लेखिका एलेना पोनियातोव्स्का यांनी केलं. म्हणजे इंग्रजीत लिहिणाऱ्या लेकीचं पुस्तक आजोळच्या भाषेत नेऊन पोचवणारी तिथलीच एक थोर बाई निघाली. मला ही घटना फार आवडते.

असेव्हेदोचीच ‘क्लॅप व्हेन यू लँड’ (२०२०) थोडी नंतर द्या. १२ नोव्हेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कहून सांतो दोमिंगोला निघालेलं विमान क्वीन्समध्ये कोसळलं, २६५ माणसं गेली. डोमिनिकन वस्तीत क्वचितच कुणी असेल ज्याच्या ओळखीतलं कुणी त्यात नव्हतं. त्या आठवणीतून ही कादंबरी सुचली. काळ आजचा आहे. विमानात बाप गेल्यावर दोन मुलींना, एक न्यूयॉर्कची आणि एक डोमिनिकन रिपब्लिकमधली, कळतं की त्या सावत्र बहिणी आहेत. जाणारा-येणारा बाप, एकीला तो जवळजवळ वर्षभर घरात आणि एकीला डॉलर आणि उन्हाळ्याच्या सुट्टीपुरता सहवास. इथं आणि तिथं राहिलेल्या मुलींमधला हिशेब इतक्या प्रामाणिकपणे मांडलेला मी दुसरीकडे वाचला नाही. पुण्या-नाशिकची चुलतबहीण आणि न्यू जर्सीची तुमची लेक यांच्यातही असा काही हिशेब असतोच, सावत्रपणा नसला तरी.

इसाबेल किंतेरोची ‘गॅबी, अ गर्ल इन पीसेस’ (२०१४) ही डायरी आहे. कॅलिफोर्नियातली शाळेच्या शेवटच्या वर्षाची मुलगी, व्यसनी वडील, गरोदर राहिलेली मैत्रीण, आणि भूक. खाण्याची भूक, मुलांची भूक, शिकण्याची भूक. बोलणं मोकळं आहे. तुमच्या मुलीला ही सोळाव्या वर्षी द्या, आत्ता नको. गोऱ्या कातडीच्या गॅबीला वारंवार सिद्ध करावं लागतं की ती मेक्सिकन आहे. उलट असेव्हेदोच्या मुली काळ्या आहेत आणि त्यांच्या कुरळ्या केसांना घरातलेच ‘वाईट केस’ म्हणतात. ‘उजळ’ आणि ‘सावळी’ हे शब्द ज्या भाषेच्या लग्नाच्या जाहिरातींत छापून येतात, तिच्या वाचकाला हे प्रकरण समजावून सांगायला नको.

ज्यांना अमेरिकेबाहेरचं वाचायचं असेल त्यांच्यासाठी दोन. हुलिया आल्व्हारेसची ‘बिफोर वुई वेअर फ्री’ (२००२) डोमिनिकन रिपब्लिकमधल्या हुकूमशहा त्रुहियोच्या शेवटच्या दिवसांची, म्हणजे १९६१ च्या आसपासची. बारा वर्षांची मुलगी, आणि एकेक करून नाहीसे होणारे काका. यामिले साइद मेंदेसची ‘फुरिया’ (२०२०) अर्जेंटिनाच्या रोसारिओतली, घरच्यांपासून चोरून फुटबॉल खेळणाऱ्या मुलीची. बाप मारकुटा आहे, हे आधी सांगून ठेवते. आणि घरात धाकटं भावंड असेल तर मेग मेदिनाची ‘मर्सी सुआरेझ चेंजेस गिअर्स’. फ्लोरिडात एकाला एक लागून तीन घरं, त्यात सगळं क्युबन कुटुंब, आणि हळूहळू विसरत जाणारे आजोबा. अमेरिकेतलं बालसाहित्याचं २०१९ चं न्यूबेरी पदक याला मिळालं. दहा-अकरा वर्षांच्या मुलांना यापेक्षा चांगलं काही मी देऊ शकत नाही.

पंधराव्या वर्षाच्या सोहळ्याविषयी, किन्सेआन्येराविषयी, एक टीप. ज्युलियाच्या गोष्टीत तो येतो, इतरही अनेकींत येतो. मोठा झगा, चर्च, बापाबरोबर वॉल्ट्झ, सपाट चपला काढून पहिल्यांदा उंच टाचा घालणं, शेवटची बाहुली. खर्चाला हातभार लावणारे धर्म-आईबाप. आपल्याकडे याला जोड शोधू नका. मुंजीशी किंवा न्हाणाशी तुलना केली की दोन्हींचा अर्थ हरवतो. ज्युलियाच्या पुस्तकात मात्र एक गोष्ट बघा: तिचं पंधरावं उलटून गेलेलं असतं तरी आई हट्टानं सोहळा करते, कारण ओल्गाचा करता आला नव्हता. तो झगा खरं तर गेलेल्या मुलीसाठी शिवलेला आहे. अख्ख्या समारंभभर ज्युलिया चिडलेली आहे.

निवड कशी करायची, हेही सांगते. या प्रकारात कमअस्सल पुस्तकंही खूप येतात. दर प्रकरणात तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले उंडे, शिजतात, आजी काहीतरी जादूचं बोलते, शेवटी आजी वारते आणि मुलीला आपली ‘मुळं’ सापडतात. आजीला स्वतःचं मत, स्वतःचा हट्ट, स्वतःची चूक असेल तरच ती व्यक्ती, नाहीतर नुसती सजावट. मी पहिल्या तीस पानांत एवढंच बघते: आई किंवा आजी असं काही करते का, जे मुलीला अपेक्षित नव्हतं?

दुसरी सोपी खूण म्हणजे लातीनो लेखकांच्या बाल-किशोर पुस्तकांना मिळणाऱ्या पूरा बेलप्रे पुरस्काराची यादी. या बाईंची गोष्ट मला सांगायचीच आहे, कारण माझ्या पेशातली ती माझी पूर्वज आहे. पोर्तो रिकोची पूरा बेलप्रे १९२१ साली न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत कामाला लागली, तिथली पहिली पोर्तो रिकन ग्रंथपाल. शेल्फवर जगभरच्या लोककथा होत्या, पण आजीनं सांगितलेली पेरेझ उंदीर आणि मार्तिना झुरळाची गोष्ट कुठंच नव्हती. म्हणून ती मुलांना ती तोंडी सांगायला लागली, स्पॅनिशमध्ये, आणि १९३२ साली तिचं पुस्तक झालं. त्यांच्या नावाचा पुरस्कार १९९६ मध्ये सुरू झाला. २०२१ पासून किशोरांसाठीच्या लेखनाला त्यात वेगळं पदक मिळू लागलं आणि ते पहिल्यांदा ‘फुरिया’ला गेलं. तुमच्या गावच्या ग्रंथालयात या नावानं यादी मागा, पटकन मिळेल.

कुणी म्हणेल की हीच पुस्तकं शाळांमधून काढली जाताहेत, मग काहीतरी वाईट असणारच. माझ्या राज्यात २०२१ च्या ऑक्टोबरात एका आमदारांनी सुमारे ८५० पुस्तकांची यादी शाळांकडे पाठवली आणि तुमच्याकडे यांतली किती आहेत ते कळवा म्हणून सांगितलं. त्यानंतरची वर्षं आम्हा ग्रंथपालांना फार जड गेली. जवळच्याच एका शाळेनं तर कुणी तक्रार करायच्या आधीच शेल्फ रिकामं केलं आणि तिथल्या मुली पुस्तकं मागायला माझ्याकडे चालत यायच्या. आपल्या मुलीनं काय वाचावं हे ठरवायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. दुसऱ्याच्या मुलीसाठी तो कुणी वापरू नये, एवढंच मी दर बैठकीत म्हणत आले.

शेवटी तुमच्या लेकीची गोष्ट. लिहिते आहे हे वाचून मला मनापासून आनंद झाला. मराठी घरात वाढणाऱ्या मुलींच्या अशा कादंबऱ्या मी काउंटरवर द्यायला हात पुढं करते, तेव्हा हाताला फारसं काही लागत नाही.

‘आज्जी’ ठेवू दे. तोही तिरक्या टायपात नको. आधीच्या पिढीच्या प्रकाशकांना स्पॅनिश शब्द तिरपे करून हवे असायचे, लगेच पुढं इंग्रजी अर्थही हवा असायचा. आता बऱ्याच लातीना लेखिका ते करत नाहीत. कारण साधं आहे: घरात बोलताना तो शब्द तिरका होत नाही. मुलगी ‘आज्जी’ म्हणते तेव्हा तिच्या कानाला तो परका वाटत नाही, मग कागदावर परका का दिसावा? अर्थ कळायला हवा असेल तर तो कृतीतून येऊ दे. आज्जीनं चष्मा कपाळावर सरकवून पोह्यांतली मिरची बाजूला काढली, की वाचणाऱ्या अमेरिकन मुलालाही कळतं ही कोण. शब्दार्थांची यादी मागे जोडू नकोस म्हणावं.

आणि तिला विचारा, तिच्या गोष्टीतली आई काय लपवते आहे. तिला अजून ठाऊक नसेल, तर एखाद्या रविवारी पोहे खाताना तुम्ही तिला तुमच्या अमेरिकेतल्या पहिल्या हिवाळ्याबद्दल सांगा. फोटोंत नसलेलं.